वणवा पुढे कुठे जाणार हे कसं वाचायचं: जमीन, इंधन, हवा आणि वेळ

डोंगरावर आग दिसली की बहुतेक जण ज्वाळांकडे बघत उभे राहतात. केवढ्या उंच आहेत, किती लांब आहेत, तडतड ऐकू येते का, यावरून "अजून वेळ आहे" असं ठरवून टाकतात. नवखेच नाही, वर्षानुवर्षं डोंगरात वावरलेली माणसंही हे करतात. पण ज्वाळा फक्त आत्ताचं सांगतात. अर्ध्या तासानं आग कुठे असेल ते तिच्यासमोरचा उतार, त्यावरचं गवत आणि वाऱ्याची पुढची चाल ठरवते, आणि या तिन्ही गोष्टी ज्वाळांकडे पाठ करूनच नीट दिसतात.

दुसरी चूक क्रमाची. वारा अंगाला लागतो, म्हणून अंदाज वाऱ्यापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. क्रम उलटा हवा. जे हलत नाही ते आधी वाचायचं, म्हणजे जमीन. जे हळूहळू बदलतं ते त्यानंतर, म्हणजे इंधन. जे तासातासाला बदलतं ते शेवटी, म्हणजे हवा, आणि ते पुन्हा पुन्हा वाचत राहायचं. पहिले दोन टप्पे आग लागण्याच्या कितीतरी दिवस आधी, शांतपणे, नकाशा पुढ्यात घेऊन करता येतात. ते आग लागल्यावर करायला बसणारा माणूस उशीर करूनच आलेला असतो.

जंगलाला लागून राहणारे, डोंगरात भटकणारे आणि वणव्याच्या वेळी मदतीला धावणारे यांच्यासाठी हे लिहितो आहे. आग विझवायची कशी, हा यातला विषय नाही. कुठे उभं राहायचं नाही आणि कधी निघायचं, एवढंच यात आहे.

## आधी तीन शब्द पक्के करा

वणवा लांबट पसरतो. वाऱ्याच्या किंवा चढाच्या दिशेनं सगळ्यात वेगानं धावणारा भाग म्हणजे तोंड. दोन्ही बाजूंना सावकाश रुंदावणाऱ्या कडा म्हणजे बगला. आणि मागे, जिथून आग सुरू झाली त्या बाजूला मंद जळत राहणारी ती शेपूट. पुढचं सगळं या तीन शब्दांवर चालतं. वारा फिरला की बगलेचं तोंड होतं, हे वाक्य आत्ताच लक्षात ठेवा.

## तयारी

सामान फार लागत नाही:

- समोच्च रेषा असलेला नकाशा, शक्यतो कागदावर. धुरात आणि घाईत फोनचा पडदा वाचता येत नाही, आणि नेमक्या घळीत नेटवर्क नसतं.
- होकायंत्र. उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते कळायला.
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, जमल्यास वाऱ्याचा वेग मोजणारंही.
- वही, पेन्सिल, घड्याळ.
- सुती किंवा लोकरी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चामड्याचे बूट. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.
- पाणी, आणि सोबत दुसरा माणूस. एकट्यानं हे काम करायचं नाही.

हवामानाचा अंदाज घेताना लोक तापमान बघतात आणि फोन खिशात टाकतात. तापमान ही त्यातली सगळ्यात कमी उपयोगाची माहिती आहे. चार गोष्टी शोधून वहीत लिहा: वाऱ्याची दिशा आणि ती किती वाजता बदलणार आहे, दिवसातली सर्वांत कमी आर्द्रता, विजांच्या गडगडाटी ढगांची शक्यता, आणि झोतांचा वेग. सरासरी वेग आणि झोतांचा वेग वेगळे दिलेले असतात. त्यातला मोठा आकडा धरा.

तपासणी: "आज वारा किती वाजता फिरेल?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नसेल, तर तयारी झालेली नाही.

## टप्पा १: जमीन वाचा

### उताराचा कोन

सपाटीवर ज्वाळेची बहुतेक उष्णता वर निघून जाते. चढावर मात्र समोरचं गवत ज्वाळेच्या अगदी जवळ आलेलं असतं. झळ आणि वर सरकणारी गरम हवा ते आधीच तापवून, सुकवून ठेवतात, आणि आग पोचते तेव्हा ते पेटायला तयार असतं. ढोबळ नियम असा की चढाचा कोन दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. सपाटीवर तासाला एक किलोमीटर चालणारी आग २० अंशांच्या चढावर तासाला चार किलोमीटर धावते. पायवाट नसलेल्या तशाच चढावर ओझं घेतलेला धडधाकट माणूस तासाला दोन किलोमीटर जाताना धापा टाकतो. हा हिशेब एकदा स्वतः मांडून बघा. आगीच्या वर उभं राहून "पळून जाऊ" म्हणणं का चालत नाही ते कळेल.

साधारण २५ अंशांच्या पुढे या नियमावरही विसंबू नका. इतक्या उभ्या चढावर ज्वाळा सरळ वर न जाता जमिनीला चिकटून पुढे लोळतात आणि वेग एकदम उसळतो. अशा उताराला नकाशावर सरळ लाल पेन्सिल लावा.

कोन नकाशावरून असा काढा: दोन बिंदूंच्या उंचीतला फरक भागिले त्यांच्यातलं आडवं अंतर. १०० मीटर उंची आणि २७५ मीटर अंतर म्हणजे सुमारे ३६ टक्के चढ, म्हणजे २० अंश.

नेहमीची चूक: टक्के आणि अंश यांची गल्लत. १०० टक्के चढ म्हणजे ९० अंश नव्हे, ४५ अंश. "फक्त ३६ टक्के" म्हणून सोडून दिलेला उतार आगीचा वेग चौपट करणारा असतो.

### डोंगराचे आकार

समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. खरी माहिती रेषांच्या वळणात असते.

घळ: रेषांचं टोक चढाच्या दिशेनं शिरलेलं. घळ चिमणीसारखी हवा वर ओढते. खाली आग असताना घळीत किंवा घळीच्या डोक्यावर उभं राहणं, ही या विषयातली सगळ्यात घातक चूक आहे. चढायला सोपी आणि सावलीची म्हणून माणसंही तीच वाट धरतात, हे दुर्दैव.

खिंड: दोन माथ्यांमधला खोलगट भाग. वारा इथे आवळला जातो आणि वेग घेतो. पलीकडच्या खोऱ्यात आग बहुधा इथूनच उतरते.

अरुंद दरी: समोरासमोरचे उतार इतके जवळ की एका बाजूच्या झळेनं आणि ठिणग्यांनी दुसरी बाजू पेटते. "आग पलीकडे आहे" हे वाक्य अरुंद दरीत काही कामाचं नाही.

सोंड आणि धार: टोकावर वारा फुटतो, दिशा भरवशाची राहत नाही. पण मागे जळून गेलेला किंवा उघडा खडकाळ भाग असेल तर टेहळणीला जागा चांगली.

अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात मॅन गल्च नावाची दरी आहे. ५ ऑगस्ट १९४९ ला तिथे आग विझवायला उतरलेली तुकडी नदीच्या दिशेनं खाली चालली होती. आग दरीच्या तोंडाशी त्यांच्याच उतारावर आली आणि वाळल्या गवतातून वर सुटली. माणसांना उलटं फिरून उभ्या चढावर धावावं लागलं. तेरा जण गेले. आग वरून दिसली तेव्हा ती दरीच्या पलीकडे होती, आणि म्हणूनच अंतर पुरेसं वाटलं होतं.

### उताराचं तोंड कुठे

उत्तर गोलार्धात दक्षिण आणि नैऋत्येकडे तोंड केलेले उतार जास्त ऊन खातात. तिथलं गवत आधी सुकतं आणि हवाही आधी वर सरकू लागते. दक्षिण गोलार्धात हेच उत्तर आणि वायव्य उतारांना लागू. सावलीतला उतार ओलसर आणि सावकाश असतो, पण मोसमाच्या अखेरीस दोन्हींतला फरक मिटतो. म्हणून सावलीच्या उतारावर आंधळा विश्वास नको.

## टप्पा २: इंधन वाचा

आगीचा वेग बारीक इंधन ठरवतं. मोठे ओंडके रात्रभर धुमसतात, पण आग पुढे नेतात ते गवत, पालापाचोळा आणि काड्या. मेलेलं इंधन हवेशी जुळवून घ्यायला किती वेळ घेतं यावरून त्याचे चार गट पडतात. साधारण सहा मिलिमीटरपेक्षा बारीक काडी नि गवताला तासभर लागतो. अडीच सेंटिमीटरपर्यंतच्या फांदीला सुमारे दहा तास. साडेसात सेंटिमीटरपर्यंत शंभर तास, आणि त्याहून जाड लाकडाला हजार तासांच्या घरात.

या एका गोष्टीतून कितीतरी गैरसमज सुटतात. "परवाच पाऊस झाला, आता भीती नाही" हा त्यातला सगळ्यात मोठा. परवाच्या पावसानं ओंडके ओले असतील. गवत आज सकाळच्या दोन-तीन तासांच्या कोरड्या वाऱ्यात सुकूनही गेलं.

जागेवर करायच्या तीन चाचण्या:

१. वाळलेलं गवत मुठीत चुरगळा. भुगा झाला तर ते पेटायला तयार आहे. लवचीक राहिलं तर अजून ओल आहे.

२. बोटापेक्षा बारीक मेलेली काडी वाकवा. कट्‌कन मोडली की सुकलेली. वाकून सोललीच तर ओली.

३. जमिनीपासून झाडाच्या शेंड्यापर्यंत शिडी आहे का बघा: गवत, त्यावर झुडूप, त्यावर वेल किंवा लोंबत्या सुक्या फांद्या. शिडी असेल तर जमिनीवरची आग शेंड्यांवर चढेल, आणि शेंड्यांची आग माणसानं हातानं थांबवायची नसते.

यानंतर सलगता. मधे खडक, ओढा, नांगरलेली जमीन, रस्ता किंवा आधीच जळालेला पट्टा आहे का, ते नकाशावर खूण करून ठेवा. पायवाट म्हणजे खंड नव्हे. वाऱ्यात वाकलेली ज्वाळा ती सहज ओलांडते.

सावधान: हिरवं म्हणजे सुरक्षित, असं नाही. ६ जुलै १९९४ ला कोलोरॅडोतल्या स्टॉर्म किंग डोंगरावर हिरव्या दिसणाऱ्या ओकच्या झुडपांतून आग उतारावर वर धावली आणि चौदा जण गेले. दुपारी कोरड्या थंड हवेची आघाडी येऊन वारा वाढला होता, आणि आग त्यांच्या खालच्या बाजूला होती. तेलकट, मेणचट पानांची झुडपं जिवंत असतानाही भडकतात. वरून आग गेली नसली तरी खालच्या आगीनं करपलेली पानंही दुसऱ्या फेरीत पेटतात.

## टप्पा ३: हवा वाचा

### आर्द्रता

हवेतली वाफ तेवढीच राहिली तर तापमान ११ अंश सेल्सिअसनं वाढलं की सापेक्ष आर्द्रता जवळजवळ निम्मी होते. पहाटे २० अंश आणि ६० टक्के असेल, तर ३१ अंशांना ती ३० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून सकाळी सातला घेतलेलं माप दुपारच्या निर्णयाला चालत नाही. दर तासाला मोजा आणि आकड्यापेक्षा घसरण बघा. एका तासात दहा टक्के घसरली, तर कोरडी हवा वरून उतरत असण्याची शक्यता आहे.

धोक्याची एक सोपी खूण बऱ्याच ठिकाणी वापरतात: तापमान ३० अंशांच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली, वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर. तिन्ही जुळली तर आगीच्या तोंडाजवळ जाण्याचा विषयच नको. मात्र उलट अर्थ काढू नका. दोनच जुळल्या म्हणून निर्धास्त राहायचं नाही, आणि हिवाळ्यात तर हा नियम साफ फसतो. ३० डिसेंबर २०२१ ला कोलोरॅडोत बोल्डरजवळ डोंगरावरून उतरणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्यात गवत पेटलं आणि एका दिवसात हजाराहून जास्त घरं गेली. थंडीचे दिवस होते.

### वाऱ्याचा वेग

खूप कोरड्या हवेत आणि जोराच्या वाऱ्यात जंगल-झुडपातल्या आगीचं तोंड वाऱ्याच्या वेगाच्या साधारण दहा टक्क्यांनी पुढे जातं, गवतात साधारण वीस टक्क्यांनी. वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर जंगलात चार, गवतात आठ. हे सपाटीचं, चढाची भर वेगळी. आकडा अचूक नसतो, पण "अजून खूप वेळ आहे" हा भ्रम मोडायला पुरतो.

नेहमीची चूक: वारा झाडीत उभं राहून मोजणं. हवामान खात्यांचा अंदाज उघड्यावर, जमिनीपासून दहा मीटर उंचीचा असतो. दाट झाडीत डोळ्याच्या उंचीवर त्याचा लहानसा हिस्साच जाणवतो. आग झाडी सोडून गवतात बाहेर पडली की तिला पूर्ण वारा मिळतो, आणि आत मोजणारा माणूस चकित होतो. शेंडे बघा, धूर बघा, शक्य तर धारेवर जाऊन मोजा.

### वारा फिरणं

माझ्या मते या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, म्हणून इथे घाई करू नका.

दिवसभर वारा एकाच दिशेनं वाहिला की आग लांब आणि चिंचोळी होते. तोंड अरुंद, बगला कित्येक किलोमीटर लांब. सगळ्यांचं लक्ष तोंडाकडे. मग वारा काटकोनात फिरतो आणि ती अख्खी बगल तोंड होऊन चालू लागते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ ला हेच झालं. दिवसभर वायव्येचा तापलेला वारा होता, मेलबर्नला ४६.४ अंश तापमान नोंदलं गेलं. संध्याकाळी वारा नैऋत्येचा झाला. थंडावा आला, आणि त्याच थंड वाऱ्यानं आगीच्या लांब बगला पुढे ढकलल्या. मेरीसव्हिल गाव वारा फिरल्यानंतर आगीच्या तोंडी आलं. त्या दिवसाच्या आगींत एकूण १७३ माणसं गेली. गार वारा सुटला म्हणजे सुटका झाली, असं शरीराला वाटतं. त्या वाटण्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरा प्रकार गडगडाटी ढगांचा. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि काही मिनिटांत दिशा नि वेग दोन्ही बदलते. ३० जून २०१३ ला ॲरिझोनातल्या यार्नेल हिल इथे एकोणीस जणांची तुकडी आधी जळालेल्या, सुरक्षित भागातून निघून झुडपांनी भरलेल्या, तीन बाजूंनी बंद अशा खोलगटात उतरली. ढगातून सुटलेल्या वाऱ्यानं आग त्यांच्याकडे वळवली आणि एकोणिसही जण गेले.

या ढगांच्या खुणा: फुलकोबीसारखे उंच वाढणारे ढग, ढगाखाली लोंबणारी पण जमिनीपर्यंत न पोचणारी पावसाची झालर, लांबवर उठलेली धुळीची भिंत, वारा एकाएकी पडणं आणि मग गार झोत. यातली पहिली खूण दिसली की निघायचं. चौथीची वाट बघणाऱ्याला वेळ उरत नाही.

तिसरा प्रकार डोंगर उतरणारा कोरडा वारा. "आग चढावर धावते, उतारावर रेंगाळते" हे शिकलेला माणूस इथेच फसतो. जोराचा वारा उताराला हरवतो. ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियात पॅराडाइज गावावर आलेली आग आणि ८ ऑगस्ट २०२३ ला हवाईत लाहायना शहर जाळणारी आग, दोन्ही डोंगरावरून खाली येणाऱ्या वाऱ्यानं हाकलल्या होत्या.

तपासणी: नकाशावर आगीच्या दोन्ही बगला काढा. वारा ९० अंशांनी फिरला असं धरून प्रत्येक बगलेपुढे काय येतं ते लिहा: वस्ती, रस्ता, तुमची गाडी, तुम्ही.

## टप्पा ४: घड्याळ जोडा

डोंगरात हवेचं स्वतःचं वेळापत्रक असतं. दिवसा उतार तापतात आणि वारा वर चढतो. रात्री उतार निवतात आणि वारा खाली ओघळतो. अधल्यामधल्या वेळी काही काळ वारा पडतो किंवा भिरभिरतो.

*सकाळ.* खोऱ्यात थंड हवेवर गरम हवेचं झाकण बसलेलं असतं, धूर सपाट चादरीसारखा पसरून राहतो आणि आग मंद दिसते. पूर्वेचे उतार सगळ्यांत आधी जागे होतात.

*दुपारपूर्वी.* ऊन वाढलं की ते झाकण फुटतं. धूर अचानक उंच उठतो, हवा स्वच्छ होते, आणि लोक म्हणतात, "आग आटोक्यात आली वाटतं." नेमकं उलट झालेलं असतं. आगीला वरून ताजी हवा आणि वरचा वारा मिळायला लागलेला असतो. धूर निवळला की अर्ध्या तासात आग भडकणार, असं धरूनच चाला.

*दुपार ते उतरतं ऊन.* सर्वांत कमी आर्द्रता, सर्वांत जोराचा चढता वारा, आणि नैऋत्य-पश्चिम उतार पूर्ण तापलेले. आगीची खरी धाव याच वेळात असते.

*रात्र.* खोऱ्यात थंड हवा साचते, माथ्यावरही गारवा असतो, पण उताराच्या मधल्या भागात एक उबदार, कोरडा पट्टा राहतो. तिथली आग रात्रभर चालू राहते. "रात्री मधल्या टप्प्यावर मुक्काम करू" हा बेत म्हणून चुकीचा.

## टप्पा ५: मेळ घाला

आता तीन प्रश्न, तिन्हींची उत्तरं हो किंवा नाही: आगीसमोर चढ आहे का? वारा त्याच दिशेनं आहे का? तो उतार या वेळी उन्हात तापलेला आहे का?

तिन्ही हो असतील तर आग पूर्ण ताकदीनं धावेल. दोन असतील तर जोर आहे. एक किंवा शून्य असेल तर ती रेंगाळेल. पण खरं कौशल्य आत्ताचे गुण मोजण्यात नाही, ते कुठे आणि कधी बदलतील हे शोधण्यात आहे.

समजा एक डोंगर उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. पश्चिम उताराच्या पायथ्याशी सकाळी अकराला आग आहे आणि पूर्वेकडून मंद वारा माथा ओलांडून खाली येतो आहे. चढ समोर आहे, पण वारा विरुद्ध आणि ऊन अजून या बाजूला आलेलं नाही. तीनपैकी एक. आग गुडघाभर ज्वाळांनी सरपटते आहे, आणि माणसं उताराच्या मध्यावर, आगीच्या वर, पट्टा साफ करायला लागली आहेत.

दुपारी एकनंतर ऊन पश्चिम उतारावर येतं. दोन झाले. अंदाजात तीन वाजता वारा पश्चिमेचा होणार असं लिहिलंय. तिन्ही झाले. तीच आग, तोच उतार, वागणूक मात्र पूर्ण वेगळी. त्या माणसांनी एक वाजायच्या आत तिथून निघालेलं असलं पाहिजे, आणि अकरा वाजता हे सांगणारा माणूस त्यांच्यात असला पाहिजे. माथा ओलांडल्यावर पूर्वेच्या उतारावर चढ संपतो, ऊन सरलेलं असतं. आग तिथे मंदावेल. अपवाद खिंडीचा, कारण तिथून पश्चिमेचा वारा आवळून सुटणार आहे.

हा अंदाज वहीत वेळेसह लिहा. दर अर्ध्या तासाला प्रत्यक्षाशी ताडून बघा. एकदाही आग अंदाजापेक्षा वेगानं गेली, तर वाद न घालता मागे हटा. तुमच्या वाचनात काहीतरी सुटलेलं असतं आणि ते शोधायची जागा सुरक्षित अंतरावर आहे.

### गणित मोडणाऱ्या खुणा

पुढीलपैकी काहीही दिसलं की वरचं गणित बाजूला ठेवायचं:

- तोंडाच्या पुढे ठिणग्यांनी नवे ठिपके पेटू लागले. जळती सालं वारा फार लांब नेतो; निलगिरीच्या काही जातींची सालं तर कित्येक किलोमीटर.
- सुटी झाडं एकेक करून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत भपकन पेटतात.
- धूर वाऱ्याबरोबर न झुकता सरळ उभा राहतो आणि त्याच्या डोक्याला फुलकोबी येते. आग आता स्वतःचा वारा तयार करते आहे, आणि हा मनोरा कोसळला की झोत कुठल्याही दिशेला सुटतो.
- आगीच्या वावटळी उठतात.
- उतारावरून जळते ओंडके किंवा दगड घरंगळत तुमच्या खाली जातात. तुमच्या खाली नवी आग म्हणजे तुम्ही आगीच्या वर.

## टप्पा ६: वाट राखा

हा टप्पा शेवटी लिहिला असला तरी कामाला सुरुवात करण्यापूर्वी पूर्ण झालेला हवा.

टेहळणी: एक जण फक्त आग आणि आकाश बघेल. त्याच्या हाती दुसरं काम द्यायचं नाही. संपर्क: त्याचा इशारा प्रत्येकाला ऐकू येतो का, ते आधी करून बघा. वाटा: किमान दोन, वेगवेगळ्या दिशांना. सुरक्षित जागा: जिथे काहीही न पांघरता उभं राहिलं तरी झळ बाधणार नाही अशी.

सुरक्षित जागेसाठी सपाटीवर, वारा नसताना, तुमच्यात आणि ज्वाळेत ज्वाळेच्या उंचीच्या किमान चौपट अंतर हवं. ज्वाळा पाच मीटर तर अंतर वीस मीटर, म्हणजे चहूबाजूंनी आग आली तर चाळीस मीटर रुंद मोकळी जागा. चढ किंवा वारा असेल तर हे अंतर कितीतरी वाढतं. खेळायच्या मैदानाएवढी मोकळी जागाही उंच झाडीच्या मधोमध पुरत नाही.

सगळ्यात भरवशाची जागा बहुधा आधीच पूर्ण जळालेला भाग. पण "पूर्ण" महत्त्वाचं: खाली राख असावी, वर करपलेली पानं टिकून नसावीत. शेंडे शाबूत असतील तर तिथून आग पुन्हा फिरू शकते.

वाट स्वतः चालून बघा आणि घड्याळ लावा. गटातल्या सगळ्यात सावकाश माणसाच्या वेगानं. आलेल्या वेळेची दुप्पट करा, आणि आगीला तुमच्यापर्यंत यायला त्याहून जास्त वेळ लागेल अशा ठिकाणी नकाशावर रेघ ओढा. आग त्या रेघेला पोचली की चर्चा नाही, निघायचं. चढाची वाट ही वाट म्हणून धरू नका. आडवी किंवा उताराची, आगीच्या बगलेच्या मागे जाणारी शोधा.

सावधान: मॅन गल्चमध्ये तुकडीच्या प्रमुखानं, वॅग्नर डॉज यांनी, समोरचं गवत स्वतः पेटवलं आणि त्या ताज्या राखेत पालथं पडून जीव वाचवला. ही गोष्ट ऐकून काही जण काडेपेटी घेऊन फिरतात. तो उपाय फक्त हलक्या गवतात, शेवटच्या क्षणी, दुसरं काहीच उरलेलं नसताना केलेला होता. वेळेआधी लावलेली दुसरी आग बाकीच्यांच्या वाटेवर जाते.

सापडलातच, तर चढ चढू नका आणि घळीत शिरू नका. बगलेच्या कमी ज्वाळांच्या जागेतून जळालेल्या भागात जाता येतं का बघा. नाही जमलं, तर सगळ्यात कमी इंधनाची, खोलगट नांगरट किंवा खडकाआडची जागा गाठून पालथं पडा, तोंड जमिनीजवळ ठेवा आणि उघडी कातडी झाका. कपडे ओले करू नका. पाण्याची वाफ पोळते.

## टप्पा ७: आग बसल्यानंतर

काम इथे संपलं असं समजून लोक वही मिटतात. जाड ओंडके, मुळं आणि पालापाचोळ्याचा जाड थर कित्येक दिवस आतून धुमसतो, आणि दुसऱ्या दुपारी आर्द्रता पुन्हा तळाला गेली की त्याच जागेहून आग नव्यानं उठते. कडेचा पट्टा उलट्या हातानं, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूनं चाचपा: आधी जमिनीपासून थोडं वर धरून, गरम लागलं नाही तरच टेकवून. तापलेल्या जागा दुपारी बारानंतर पुन्हा तपासा. सकाळची तपासणी धरायची नाही.

मग वहीत तीन वेळा लिहा: धूर कधी उठला, वारा कधी फिरला, आगीनं धाव कधी घेतली. शेजारी तुमचा आधीचा अंदाज. पुढच्या मोसमात गवत वाळायला लागलं की तेच पान उघडून नकाशावरची लाल पेन्सिल पुन्हा एकदा फिरवा.